फेऱ्यांचा हिशेब

इंजिनाच्या फेऱ्या मोजून दिलेल्या असतात, असे आमचे अब्बा म्हणत. माणसाचे श्वास जसे मोजलेले, तशा क्रँकच्या फेऱ्या. जपून खर्च केल्या तर गाडी नातवंडांना पुरते, उधळल्या तर आपल्याच डोळ्यांदेखत धूर सोडते. हे ते गिऱ्हाइकांना सांगत, शिकाऊ पोरांना सांगत आणि रात्री जेवताना आम्हांलाही सांगत. अम्मी म्हणायची, "तुमचे शब्दही मोजून दिले असते तर बरं झालं असतं."

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. लिहितो आहे थोरला, पण अर्ध्या आठवणी धाकट्याच्या आहेत आणि ज्या चुकीपाशी शेवटी यायचे आहे ती दोघांची आहे. म्हणून 'मी' लिहिणे बरे वाटत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अब्बांचे गॅरेज होते. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचा मुलूख. आमच्याकडे शाळा सुटली की पोराच्या हातात पाना येतो, आणि तालमीसारखेच गॅरेजातही शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. अब्बा त्या अर्थाने वस्ताद होते. त्यांचा जन्म गेला जीप, अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, त्यातला पिस्टन एका फेरीत ७५ मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली. मिनिटाला चार हजार फेऱ्या झाल्या की पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर होतो. अब्बांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्यांचा कान बरोबर त्याच ठिकाणी अडायचा. "रेस कमी कर. रडतंय ते." पोराने पाय काढला नाही तर पाना फेकत. अंगावर नाही, शेजारच्या पत्र्यावर. पण आवाज असा व्हायचा की पाय आपोआप निघत असे.

त्यांच्या काळातल्या इंजिनांसाठी आणि तेव्हाच्या तेलासाठी हा हिशेब फारसा चुकीचा नव्हता. आमची अडचण सुरू झाली ती २००१ साली, धाकटा शारजाला गेला तेव्हा.

शारजाच्या औद्योगिक वसाहतीत गॅरेजांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यातल्या एकात तो लागला. तिथे एके दिवशी होंडा एस२००० आली. दोन जणांची, छत उघडणारी गाडी. होंडाने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने काढलेली, १९९९ साली बाजारात आलेली. इंजिन फक्त दोन लिटरचे, टर्बो नाही, तरीही जपानमधल्या गाडीची ताकद २५० अश्वशक्ती. ही ताकद कुठून आली? फेऱ्यांतून. त्या इंजिनाची लाल रेघ नऊ हजारांवर होती. सहा हजारांच्या आसपास कॅमचा दुसरा, मोठा उंचवटा कामाला लागतो आणि गाडीचा आवाजच बदलतो. त्याआधी ती सामान्य गाडीसारखीच वाटते. म्हणजे जपून चालवायची असेल तर ही गाडी घेण्यात अर्थच नाही.

गाडीचा मालक तरुण होता. दर शुक्रवारी फुजैराकडच्या डोंगरी रस्त्यावर तो तिला मनसोक्त पळवायचा. मीटरवर दोन लाख किलोमीटर. धाकट्याने प्लग काढून कॉम्प्रेशन तपासले तर चारही सिलिंडर सारखे, सुदृढ. त्याने त्या रात्री घरी फोन केला. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मीटर मागं फिरवला असेल."

"अब्बा, मागं फिरवला असेल तर खरे किलोमीटर आणखी जास्त झाले ना?"

पलीकडून फोन अम्मीकडे गेला.

नऊ हजार फेऱ्या म्हणजे काय, याचा हिशेब आम्ही नंतर कितीदा तरी मांडला. मिनिटाला नऊ हजार म्हणजे सेकंदाला दीडशे. प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबतो, एकदा वर आणि एकदा खाली. म्हणजे सेकंदात तीनशे वेळा थांबणे आणि तीनशे वेळा पुन्हा सुटणे. त्या इंजिनात पिस्टनची धाव ८४ मिलिमीटरची; सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या वर जातो, ताशी नव्वद किलोमीटर म्हणा. गाडी जागेवर उभी असली तरी पिस्टन त्या वेगाने ये-जा करत असतो. आणि धावेच्या वरच्या टोकाला त्याला मागे खेचण्यासाठी कनेक्टिंग रॉडवर जी ओढ बसते ती पिस्टनच्या स्वतःच्या वजनाच्या चार हजार पटींहून जास्त. इथेच खरी मेख आहे. फेऱ्या दुप्पट झाल्या की ही ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाल्या की नऊपट. म्हणजे अब्बांच्या हिशेबात सगळ्या फेऱ्या एका किमतीच्या होत्या, ते खरे नव्हते. तीन हजारांवरची एक फेरी आणि नऊ हजारांवरची एक फेरी यांची किंमत एक नाही.

मग ते इंजिन टिकले कसे? एक तर ते त्याच कामासाठी घडवलेले होते. पिस्टन घडीव, रॉड घडीव, सिलिंडरच्या भिंती तंतू मिसळलेल्या धातूच्या. कारखाने नवे इंजिन बाजारात आणण्यापूर्वी चाचणीच्या बाकावर पूर्ण रेसवर शेकडो तास चालवून बघतात. लाल रेघ उगाच आखलेली नसते; तिच्या अलीकडे धातू थकणार नाही एवढे अंतर राखलेले असते. २००४ साली होंडाने याच गाडीच्या इंजिनातली पिस्टनची धाव वाढवून ९०.७ मिलिमीटर केली, तेव्हा लाल रेघ नऊ हजारांवरून आठ हजारांवर आणली. गुणाकार करून पाहिला तर पिस्टनचा वेग जवळपास पहिल्याइतकाच, थोडा कमीच भरतो.

दुसरे कारण तेल. चालू इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना शिवत नाहीत, मधे तेलाचा पडदा असतो, केसाहून कितीतरी पातळ. गंमत अशी की क्रँक वेगाने फिरते तेव्हा हा पडदा चांगला धरला जातो. तो फाटायला येतो तो कमी फेऱ्या आणि जड ओझे यांत. आमचे अब्बा आंबा घाट वरच्या गियरमध्ये, इंजिन गुरगुरत असताना चढवायचे, फेऱ्या वाचवायच्या म्हणून. त्यात बेअरिंगचे जे व्हायचे ते खालच्या गियरमध्ये मोकळे फिरवून झाले नसते. हे आम्ही त्यांना कधी तोंडावर सांगितले नाही.

पण धाकट्याने शारजात मेलेली इंजिनेही पाहिली, आणि ती कशाने मेली हेही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दुसरी एक एस२००० ओढून आणली गेली. एका सिलिंडरमध्ये व्हॉल्व्ह तुटून पडला होता, पिस्टनचा चुरा. मालक शपथ घेऊन सांगत होता की मी काटा लाल रेघेपलीकडे कधी नेला नाही, आणि तशी सोयच नाही, इंजिन आपोआप इंधन तोडते. खरे होते. पण पाचव्या गियरमधून चौथा घालताना चुकून दुसरा पडला तर? तेव्हा इंधन तोडून उपयोग नसतो, कारण इंजिनाला इंधन फिरवत नाही, चाके फिरवतात. अर्ध्या सेकंदात फेऱ्या नऊ हजारांच्या पुष्कळ पुढे जातात. व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते आणि स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या वाटीला बारीक चीर जाते. पहिल्या वर्षांच्या एस२०००मधल्या या वाट्यांची ही दुखरी जागा जगभर माहीत आहे. गाडी त्या दिवशी घरी जाते, महिनोन् महिने चालते आणि मग एखाद्या सकाळी साध्या रस्त्यावर व्हॉल्व्ह सोडते. मालकाला तो अर्धा सेकंद आठवतही नाही. ज्याने शेवटी गाडी चालवली त्याच्यावर नाव येते.

हे वाक्य धाकट्याने आम्हांला फोनवर सांगितले होते. त्या वेळी ते फक्त ऐकले.

बाकीची कारणे अगदी साधी. पहिले, थंड इंजिनाला रेस. पाण्याचा काटा मध्यावर आला की लोकांना वाटते गाडी तापली. पाणी लवकर तापते, तेलाला त्याहून बराच वेळ लागतो. घट्ट तेल अरुंद वाटांतून पोहोचायच्या आत सात-आठ हजार फेऱ्या मागितल्या तर झीज होणारच. आमच्या खासबागेच्या मैदानात पैलवान थंड अंगाने उतरत नाही, आधी जोर-बैठका काढतो. गाडीला मात्र किल्ली फिरवली की लगेच कुस्ती धरायला लावतात. दुसरे, तेलाची पातळी. सतत उंच फेऱ्यांवर इंजिन तेल पिते. रिंगा तेल पुरते पुसून काढू शकत नाहीत, थोडे जळते, थोडे वाफेबरोबर जाते. चांगले इंजिनही पिते. एस२०००चा तो दोन लाखवाला मालक दर वेळी पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी काढून बघायचा. त्याच्या गाडीच्या आयुष्याचे रहस्य म्हणायचे तर एवढेच होते. तिसरे, तासन् तास एकसारखी रेस. डोंगरात काटा वर जातो आणि खाली येतो, इंजिनाला दम घ्यायला मिळतो. वाळवंटातल्या सरळ हमरस्त्यावर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, काटा एका जागी उंच ठेवला की उष्णता साचत जाते, तेल पातळ होत जाते. तिथे मोठा रेडिएटर, तेल थंड करणारा कूलर आणि वेळेआधी बदललेले तेल हाच उपाय.

त्याच काळात आम्ही दोघे, एक कोल्हापुरात आणि एक शारजात, टीव्हीवर फॉर्म्युला वन बघू लागलो होतो. २००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीत बसला म्हणून. अब्बाही बघायचे, आवाज बंद करून. २००६ साली कॉसवर्थचे इंजिन वीस हजार फेऱ्यांपर्यंत गेले. पुढच्याच वर्षी नियमाने एकोणीस हजारांची मर्यादा आली, २००९ साली अठरा हजारांची, आणि त्याच वर्षी एका चालकाला अख्ख्या हंगामाला आठच इंजिने. काही वर्षांपूर्वीपर्यंत एका शर्यतीच्या दोन-तीन दिवसांतच इंजिने बदलली जायची. हे धाकट्याने अब्बांना समजावले तेव्हा ते विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. फेऱ्या कमी केल्या, आयुष्य वाढलं." त्यात तथ्य होतेच. अगदी टोकाला गेले की अब्बांचा हिशेब पुन्हा खरा होऊ लागतो.

२००९ साली धाकटा कायमचा परत आला. आता गॅरेजमध्ये वेगळ्या गाड्या येत होत्या. होंडा सिटीचे जुने १.५ व्हीटेक मॉडेल पोरांत फार लाडके होते. शंभराहून अधिक अश्वशक्ती आणि वर चढणारा आवाज, दोन्ही स्वस्तात. अशीच एक सिटी २०१०च्या ऑगस्टच्या अखेरीस आमच्याकडे आली. मालक बांधकाम ठेकेदार. तक्रार क्लचची होती. क्लच बदलला. गाडी तपासून बघायला आमच्याकडे दोन वर्षे शिकत असलेल्या पोराला किल्ली दिली. एकोणीस वर्षांचा, हात चांगला, कान त्याहून चांगला. तो कागलच्या दिशेने हमरस्त्याला गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी मालकाने गाडी नेली आणि संध्याकाळी परत आणली. इंजिनातून ठोका येत होता. खोल, एकसारखा ठोका. बेअरिंग गेल्याचा आवाज ओळखायला गाडी उघडावी लागत नाही.

अब्बांनी पोराला विचारले, "रेस मारलीस?"

"दोनदा ओढली वस्ताद. सातच्या जवळ नेली असंल. पण आधी तापवली होती."

झाले. अब्बांना दुसरा पुरावा नको होता. ठेकेदाराचा आवाज चढलेला, गॅरेजपुढे माणसे जमलेली. आमच्यापैकी एकानेही मधे तोंड घातले नाही. शारजाहून इतके शिकून आलेला धाकटाही गप्प. खर्चाचा अंदाज चाळीस हजारांच्या घरात होता आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर बसणे सगळ्यांच्याच सोयीचे होते. पोराचा दोन महिन्यांचा पगार आमच्याकडे राहिला होता, तो अब्बांनी अडवला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. ईद आठ-दहा दिवसांवर होती. तो काही बोलला नाही. त्याने हात धुतले, पाने आपापल्या खणात ठेवले आणि गेला.

त्या वर्षी ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, ११ सप्टेंबरला आली. उद्यमनगर सणात होते, लेथवाले सुट्टीवर. इंजिन उघडायला अनंत चतुर्दशी उलटली.

आधी तेल सोडले. या इंजिनात तीन-साडेतीन लिटर तेल बसते. भांड्यात दीड लिटरही आले नाही, आणि जे आले ते काकवीसारखे. सम्प खाली घेतला तर तळाला काळ्या गाळाचा थरावर थर. तेल ओढून घेणारी जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. बेअरिंगच्या वाट्या काढून ओळीने फळीवर मांडल्या. एक वाटी वितळून फिरली होती, ती ठोक्याची. पण उरलेल्या सगळ्या वाट्यांचा वरचा मऊ थर घासून गेला होता, गुळगुळीत, एकसारखा. एका दुपारच्या दोन ओढींनी असा घास पडत नाही. त्याला महिने लागतात. ही गाडी रोज सकाळी थंड इंजिनाने दोन-तीन किलोमीटर साइटवर जायची, पुरती तापायच्या आत बंद व्हायची. असल्या चालण्यात तेलात पाणी धरते, गाळ होतो. तेल कधी बदलले ते मालकाला आठवत नव्हते. तेलाचा लाल दिवा लागला नव्हता, असे तो म्हणाला. तो दिवा दाब गेल्यावर लागतो, तेल कमी झाल्यावर नाही. तो लागेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो.

पोराच्या ओढीने काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. शेवटचा धक्का त्या दिवशी बसला असेल. पण भरलेल्या, स्वच्छ तेलावर त्या इंजिनाने सात हजार रोज सोसले असते. त्यासाठीच ते बनले होते. आणि किल्ली देण्याआधी ऑइलची पट्टी बघणे हे गॅरेजचे काम होते. क्लचच्या कामाला आलेल्या गाडीचे तेल कोण बघतो, असे आम्हांला वाटले होते. पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून बघायला अर्धे मिनिट लागते.

अब्बा त्या फळीसमोर बराच वेळ उभे होते. एकेक वाटी उचलून अंगठा फिरवत होते. नंतर त्यांनी गल्ल्यातून पैसे काढले, दोन महिन्यांचा पगार आणि वर पाच हजार, आणि आम्हां दोघांना बरोबर घेऊन पोराच्या घरी गेले.

पोरगा नव्हता. मुंबईला मामाकडे गेला होता, ईदच्या आधीच. आई दारात आली. अब्बांनी हात जोडले, झालेले सगळे सांगितले, इंजिन, तेल, गाळ, सगळे. त्या माउलीला त्यातले किती कळले कुणास ठाऊक. तिने पैसे मोजले, पगार बाजूला काढला आणि वरचे पाच हजार अब्बांच्या हातात परत ठेवले. "चाचा, जेवढं त्याचं तेवढंच," म्हणाली. चहा विचारला, पण तो विचारण्याचाच होता. आम्ही निघालो.

पोरगा आमच्याकडे परत आला नाही. मुंबईतच कुठल्या तरी गॅरेजात आहे, असे मधे कळले होते.

ठेकेदाराला अब्बांनी स्वतः सांगितले की दोष गाडीच्या तेलाचा आणि आमच्या न बघण्याचा आहे, निम्मा खर्च आम्ही सोसू. तो कुरकुरला, पण तयार झाला. क्रँकला पॉलिश झाले, नव्या वाट्या, नव्या रिंगा, जाळी, पंप. गाडी बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर बेताने चालवायला सांगितले. नोव्हेंबरात ती तपासणीला परत आली. धाकट्याने तेल बदलले, किल्ली घेतली, तर अब्बा शेजारच्या सीटवर येऊन बसले. असे ते कधी बसत नसत.

कागलच्या रस्त्याला लागेपर्यंत ते पाण्याच्या काट्याकडे बघत होते. काटा मध्यावर येऊन बराच वेळ झाला तरी म्हणाले, "थांब, तेल तापू दे." पुढे सात-आठ किलोमीटर तसेच गेले. मग रस्ता मोकळा दिसला.

"ओढ," अब्बा म्हणाले.

धाकट्याने दुसऱ्यात ओढली. पाच, सहा, आवाज बदलला, सातच्या जवळ. अब्बांनी डोळे मिटून घेतले होते. तिसरा पडला. पुन्हा वर. इंजिन स्वच्छ गात होते, कुठे ठोका नाही.

कागलला गाडी वळवून बाजूला घेतली. अब्बा आधी खाली उतरले. इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबायला लावले, मग त्यांनी स्वतः बॉनेट उघडले, खिशातला रुमाल काढून पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढून उजेडात धरली. तेल वरच्या खुणेला होते.